अळीचा विषाणू, माणसाची पेशी

हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी शेतकरी संध्याकाळी ‘एचएनपीव्ही’ नावाचा विषाणू फवारतात. संध्याकाळी अशासाठी, की कडक उन्हात तो टिकत नाही. काही दिवसांत अळ्या झाडाच्या शेंड्यावर चढतात आणि उलट्या लटकून मरतात. फवारणारा मात्र ठणठणीत! कारण हे बॅक्युलोव्हायरस कुळातले विषाणू कीटकांपुरतेच घातक असतात.

याच कुळातल्या एका विषाणूला दिल्लीत वेगळ्याच कामाला जुंपले गेले. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीतील डॉ. सय्यद हसनैन, डॉ. जी. पी. तलवार आणि सहकाऱ्यांनी त्यात काजव्याचे जनुक बसवले. काजव्याला चमक देणारे ल्युसिफरेज हे प्रथिन त्या विषाणूने अळ्यांच्या अंगात भरपूर तयार केले. हे संशोधन १९९० साली प्रसिद्ध झाले.

अळीच्या पेशीत एवढे काम करणारा विषाणू माणसाच्या पेशीत जनुक पोहोचवील का? १९९५ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी दाखवले, की माणसाच्या यकृताच्या पेशींत तो चांगला शिरतो.

शिरण्याची रीत मोठी मजेदार आहे. विषाणूच्या आवरणावर जीपी-६४ नावाचे प्रथिन असते. त्याच्या आधारे विषाणू पेशीला चिकटतो, आणि पेशी त्याला आपल्या पटलाच्या लहानशा पिशवीत गुंडाळून आत ओढते. नंतर ही पिशवी आम्लधर्मी होऊ लागते. हे आम्लच विषाणूच्या पथ्यावर पडते! त्याने जीपी-६४ चा आकार बदलतो, विषाणूचे आवरण पिशवीच्या पटलाशी एकजीव होते आणि आतला डीएनए असलेला दांडका पेशीत सुटतो. पेशीतल्या ॲक्टिन तंतूंच्या मदतीने तो केंद्रकापर्यंत पोहोचतो.

तिथे मात्र त्याची बोलती बंद होते. त्याची स्वतःची बहुतेक जनुके आपल्या पेशीत गप्पच राहतात, त्यामुळे त्याची वाढ होत नाही. पण सोबत दिलेल्या जनुकापुढे आपल्या पेशीला कळणारा ‘चालू’चा संकेत जोडलेला असेल, तर तेवढे जनुक कामाला लागते. पेशी विभागत गेल्या की डीएनए विरळ होतो आणि परिणाम ओसरतो. जन्मभराच्या आजाराला ही उणीवच, थोडे दिवस काम हवे असेल तर सोय.

खरी अडचण पेशीच्या दारात नाही, रक्तात आहे. रक्तातील ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिने या विषाणूला वाटेतच निकामी करतात. म्हणून त्याला संरक्षक प्रथिनांचे चिलखत चढवण्याचे प्रयोग झाले आहेत.

शरीराबाहेर मात्र हा विषाणू केव्हाच रुळला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये भारतात आपत्कालीन मंजुरी मिळालेल्या, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोव्होव्हॅक्स लशीतले प्रथिन त्याच्याच मदतीने बनते. तेही कुणाच्या पेशींत? मक्याचा फडशा पाडणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीच्या!