कल कळला, पुढे काय?

दहावीचा निकाल लागताच पुण्यातील मध्यमवर्गीय घरांतून चिरंजीवांच्या भवितव्याविषयी जी खलबते सुरू होतात, त्यांत शेजाऱ्यांच्या मुलाचे गुण, मामांचा अनुभव आणि शिकवणीवर्गांच्या जाहिराती यांना जेवढे वजन असते, तेवढे खुद्द त्या मुलाच्या आवडीनिवडीस क्वचितच लाभते. हे ओळखूनच राज्य शासनाने २०१६ साली शिवाजीनगरच्या परीक्षा मंडळामार्फत, श्यामची आई फाउंडेशनच्या साह्याने, दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी आरंभिली. हेतू स्तुत्य होता. परंतु आपला कल ललित कलांकडे आहे की गणवेशधारी सेवांकडे, हे सांगणारा कागद हाती पडल्यावर त्याचा अर्थ उलगडून सांगणारा जाणता माणूस बहुसंख्य शाळांत नव्हता, आणि पुढे साथीच्या काळात ती चाचणीही खंडित झाली.

शाळांतून प्रशिक्षित मार्गदर्शक असावेत, ही शिफारस १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने केली होती, आणि मार्गदर्शनास प्राथमिक इयत्तांपासूनच आरंभ व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली बजावले होते. दप्तरी दाखल झालेल्या या शिफारशींची अंमलबजावणी मात्र आजवर कोणा तरी वर्गशिक्षकाच्या गळ्यात अधिकचे काम म्हणून पडत आली आहे, आणि त्या बिचाऱ्यास जनगणना नि निवडणूक यांतून सवड मिळेल तेव्हाच ती व्हावयाची!

अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली स्थापिलेल्या ज्ञानप्रबोधिनीमुळे मानसशास्त्रीय कसोट्या पुणेकरांस अपरिचित नाहीत, आणि ऐपतदार पालक अशा सल्ल्याचे मोल देऊ शकतात. खरा प्रश्न आहे तो महापालिकेच्या शाळेतील, घरात जिच्याआधी कोणी दहावीपर्यंत पोहोचलेच नाही, अशा मुलीचा. औंधच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत कोणते व्यवसाय शिकवितात, किंवा गणेशखिंडीतील शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेतल्यास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेशाची वाट खुली होते, एवढी माहितीसुद्धा तिला वेळेवर न मिळाल्याने तिचा मार्ग बदलतो; तिथे बुद्धिमापनाच्या सूक्ष्म चर्चेचे प्रयोजन फार नंतरचे. आणि ही माहिती दहावीच्या उन्हाळ्यात नव्हे, आठवीतच मिळावयास हवी.

तेव्हा शासनाच्या फर्मानाची वाट न पाहता महापालिकेने येत्या अंदाजपत्रकात आपल्या माध्यमिक शाळांसाठी पूर्णवेळ समुपदेशकांचे हुद्दे मंजूर करावेत, आणि त्यांच्यावर दुसरे कोणतेही काम लादले जाणार नाही, अशी लेखी तजवीज त्याच ठरावात करावी.