‘सी चेंज’ कशाला म्हणावे?

निबंधाच्या वह्या तपासताना ‘सी चेंज’ हा इंग्रजी शब्दप्रयोग आम्हांस हमखास भेटतो. नवी इमारत झाली, सी चेंज. संगणक आले, सी चेंज. काही मुले तर समुद्रवाचक ‘सी’ऐवजी ‘पाहणे’ या अर्थाचा, दोन ‘ई’ असलेला ‘सी’ लिहितात. ती चूक लाल शाईने भागते. अर्थाची चूक तशी भागत नाही. शिवाय ती आम्हां मोठ्यांच्या भाषणांतूनच मुलांकडे गेलेली आहे.

हा प्रयोग शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या सुमारे 1611 च्या नाटकातला. राजपुत्र फर्डिनंड याला एरिएल हा अदृश्य जीव गाण्यातून सांगतो, की तुझा पिता समुद्रतळाशी आहे आणि त्याच्या हाडांचे पोवळे, डोळ्यांचे मोती झाले आहेत. (वास्तविक राजा बुडालेलाच नसतो, पण ते असो.) म्हणजे ठेवण तीच, द्रव्य मात्र समूळ निराळे. मुंबईच्या गिरणगावाला हा शब्द शोभतो. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. काही चिमण्या अजून उभ्या आहेत. पण जिथे कापड विणले जाई, तिथे काही ठिकाणी आता ते नुसते विकले जाते. नव्या इमारतीला साधा ‘चेंज’ पुरे.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेस ‘सी चेंज’ म्हटले. आम्ही ते खोडले. ती म्हणाली, “सर, याहून मोठा बदल कोणता?” प्रश्न बिनतोड होता. पण समुद्र पालटतो तो निश्चेष्ट देहाला. त्या देहाची संमती कुणी विचारत नाही. बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा येवल्यास 13 ऑक्टोबर 1935 रोजी केली आणि दीक्षा घेतली ती 21 वर्षांनी, पूर्ण विचारान्ती. नागपुरात लाखोंनी बावीस प्रतिज्ञा स्वमुखाने उच्चारल्या. त्या माणसांना कोणत्या लाटेने घडवले म्हणावे?

दुसऱ्या दिवशी तिने वाक्य बदलून आणले. ‘त्यांनी स्वतःला बदलले’ या अर्थाचे चार शब्दांचे साधे इंग्रजी. त्यात एक स्पेलिंग चुकले होते. ते दुरुस्त करून आम्ही पूर्ण गुण दिले.