एकट्याने होडी थांबवून काय होतं?

परवा एका रीलमध्ये वरसोलीचा किनारा दिसला, म्हणून थांबलो. मागे उजाडतंय, पुढे पांढऱ्या टी-शर्टमधला एक तरुण, आणि तो सांगतोय की जग झोपलेलं असताना जो उठतो तो जिंकतो. पाचला उठा, दिवसाची तीन मुख्य कामं लिहा, बाकी सगळ्याला 'नाही' म्हणा. तो हे बोलत असताना त्याच्या खांद्यामागून एक कोळीण डोक्यावर टोपली घेऊन फ्रेममधून निघून गेली. चारेक सेकंद दिसली असेल. ती किती वाजता उठली होती, आणि तिने नेमकं कोणाला 'नाही' म्हणायचं, हे त्या रीलच्या खाली कोणीच विचारलं नव्हतं.

मला राग यायचं कारण म्हणजे मी या उपदेशाचा जुना गिऱ्हाईक आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून मी हे सगळं केलंय. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांतीचं पोमोडोरो, रंगीत कॅलेंडर, रविवारी रात्री आठवड्याचा आढावा. सॉफ्टवेअरमध्ये आलो तेव्हा तर आयुष्यालाच बॅकलॉग मिळाला. प्रत्येक कामाला पी-वन, पी-टू असं लेबल. लॉकडाउननंतर अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरच्या आमच्या गावी परत आलो, वाडीतल्या खोलीतून काम करू लागलो, आणि घरची कामंही त्याच यादीत घातली. पंपाची मोटर, पी-टू. आईचे डोळे, पी-थ्री.

आईला मोतीबिंदू होता. ती तांदूळ निवडताना बोटांनी चाचपून खडे काढायला लागली होती, हे मी पाहिलं होतं. सुईत दोरा ओवायला ती माझ्याकडे यायची आणि मी कानातला हेडफोन न काढता एक बोट वर करायचो. एक मिनिट. तारीख घ्यायची, एक दिवस सोबत जायचं, मग काही आठवडे वेळेवर थेंब घालायचे, एवढंच काम होतं. ते अकरा महिने पुढे ढकललं गेलं. शेवटी डॉक्टरांनी तपासून विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" आई म्हणाली, "मुलाला सुट्टी नव्हती." माझ्या खात्यावर तेव्हा चौदा सुट्ट्या शिल्लक होत्या.

आता रीलवाला म्हणेल, बघा, चुकीचा प्राधान्यक्रम! त्याच्याकडे यावर चौकोनही तयार असेल: तातडीचं-महत्त्वाचं, तातडीचं नसलेलं-महत्त्वाचं, वगैरे. या चौकोनाला आयझेनहॉवर यांचं नाव आहे. तातडीचं आणि महत्त्वाचं यातला फरक त्यांनी १९५४ च्या एका भाषणात सांगितला होता, तोही दुसऱ्या कोणाचं वचन म्हणून. घराघरात तो पोचवला स्टीफन कवी यांच्या १९८९ च्या पुस्तकाने. पण तो चौकोन ज्यांच्या नावावर खपतो ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. चौकोनातला तिसरा खण म्हणतो, तातडीचं पण बिनमहत्त्वाचं काम दुसऱ्याकडे सोपवा. त्यांच्याकडे सोपवायला अख्खं व्हाइट हाउस होतं. माझ्याकडे आई होती. माझं जेवण, माझे कपडे, दारावरचा कुरिअरवाला, मीटिंग चालू असताना भुंकणारा कुत्रा, हे सगळं मी तिसऱ्या खणात टाकलं, आणि त्या खणात आई डोळ्यांनी नीट दिसत नसताना उभी होती. आईने कोणाकडे सोपवायचं, याचा खण त्या कागदावर नाही.

एक कबूल करतो. त्या अकरा महिन्यांत माझ्या फोनचा स्क्रीन टाइम काढून पाहिला तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ते तास कोणी हिसकावले नव्हते. पण ते बहुतेक रात्री साडेदहानंतरचे होते, जेव्हा डोकं कशालाच लायक उरत नाही आणि कुठलाही डॉक्टर तारीख देत नाही. दिवसाउजेडीचा वेळ माझा नव्हताच. कॅलेंडरवर मी 'फोकस टाइम' असा निळा चौकोन काढायचो, आणि त्याच्यावर कोणीही मीटिंग टाकायचं. दोनदा नकार दिला. वार्षिक आढाव्यात वाक्य आलं: उपलब्धता सुधारावी.

आमच्याकडे वेळेचं दुसरं एक शास्त्र आहे, ते मी फार उशिरा नीट ऐकलं. बाबांना भरतीसाठी ॲप लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. दुसऱ्या दिवशी पाऊणएक तास उशिरा. अंदाजच तो, पण कुलाबा किल्ल्यात पायी जाऊन वेळेत परत यायला पुरतो. सुट्टीच्या दिवशी पर्यटक किल्ल्यात रमतात आणि मधे पाणी भरलं की होडी शोधतात. समुद्राला मीटिंग पुढे ढकला म्हणता येत नाही.

मला यातून 'निसर्गाच्या लयीत जगा' असं काही सांगायचं नाहीये. तो पुन्हा रीलचाच धंदा. भरतीप्रमाणे जगणाऱ्यांचा वेळ त्यांच्या मालकीचा असतो हे खोटं आहे. होडी पहाटे लागली की टोपलीवालीला पहाटे उभं राहावं लागतं, आणि मासळी दुपारपर्यंत खपली नाही तर भाव पडतो. मला सांगायचंय ते जून-जुलैचं.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा काळ, वर खवळलेला समुद्र. होड्या वर ओढून झाकतात, जाळी दुरुस्त करतात. पुढे नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्राशी पुन्हा व्यवहार सुरू. ही सुट्टी नाही, कमाई बंद असते, उधारी वाढते. आणि चोरून जाणारेही असतात, त्यांच्यावरून भांडणं होतात. पण ती भांडणं का होतात ते बघा. प्रत्येक तांडेलाने स्वतःच्या शिस्तीवर ठरवलं असतं की यंदा जुलैत जायचं नाही, तर जो थांबला त्याचं तेवढं नुकसान, आणि मासळी शेजाऱ्याच्या जाळ्यात. म्हणून थांबणं एकट्यावर सोपवलेलं नाही. सगळ्यांनी थांबायचं, तारीख ठरलेली, मोडली तर दंड.

माझा निळा चौकोन म्हणजे जुलैत एकट्याने वर ओढलेली होडी होती.

होडीचं सोडा, नांगराचं बघू. याच अलिबाग तालुक्यात चरी गाव आहे. १९३३ ते १९३९, तिथल्या आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील पुढे होते. सहा वर्षं शेतं पडीक. लोकांनी मिळेल ती मजुरी केली, लाकूडफाटा विकला, उपास काढले. या काळातच, १९३७ मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि १९३९ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण मिळण्याची सुरुवात झाली. आमच्या शाळेत हा संप चार ओळींत उरकला होता. मला तो आता प्राधान्यक्रमाचा धडा वाटतो. सहा वर्षं एकच काम करायचं नाही, हे ठरवणं. एकाच कुळाने तसं ठरवलं असतं, तर खोताने आठवड्याभरात दुसरं कूळ लावलं असतं.

माझी तुलना ताणलेली आहे, ठाऊक आहे. एसीत बसून मी उपाशी कुळांशी नातं सांगू नये. पण आमच्या खोतांची भाषाही ऐका. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याचे ७० तास सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं, रविवारी तुम्हाला कामाला लावता येत नाही या खंतीसकट. सहा दिवसांत ९० म्हणजे रोज १५ तास. त्यातून उरलेल्या नऊ तासांत झोप, आंघोळ, प्रवास आणि आईचा मोतीबिंदू बसवण्याची कला म्हणजे वेळेचं नियोजन. ती शिकवायला पाचला उठणारा तरुण तयारच आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामानंतर फोन न उचलण्याच्या हक्काला कायद्यात जागा आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं. कायदा झालेला नाही.

कायद्याची वाट न पाहता आम्ही टीममधल्या पाच जणांनी ठरवलं: साडेसातनंतर चॅटला उत्तर नाही, सर्व्हर पडला तर फोन करा. पहिल्या आठवड्यात मॅनेजरने एकेकाला वेगवेगळं बोलावलं. एकेकालाच, हे लक्षात घ्या. तिसऱ्या आठवड्यात करार मोडला. मोडणारा मी. आढावा जवळ आला होता, रात्री नऊ चाळीसला एक प्रश्न आला आणि माझं बोट आपोआप गेलं. सकाळी बाकीच्या चौघांना कळलं. नाशिकची सहकारी मला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण बरोबर होतं. दोन आठवडे अबोला, मग पुन्हा सुरू केलं. आता एक सहावाही आहे.

आईच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख बुधवारची मिळाली. बुधवारी आमचा डेमो असतो. मी ग्रुपवर तारीख टाकली, पुढे काही लिहिलं नाही. पहिलं उत्तर नाशिकहून आलं.

"जा. डेमो मी देते. थेंबांचे दिवसही आत्ताच सांगून ठेव."