‘ट्रॅक ०१’ कोण गातंय?

‘माझ्याकडे ५०० जीबी गाणी आहेत’ म्हणणारे हॉस्टेलवर खूप. पण फोल्डर उघडला की ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’! गाणारा कोण, पत्ताच नाही. सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट असतात, १२८ च्या एमपीथ्रीत त्याचा अकरावा हिस्सा. तिला फ्लॅक केलं तर नुसती फाईल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून सीडी थेट फ्लॅकमध्ये उतरवा, टॅग भरा. मग जुन्या पीसीवर नॅव्हिड्रोम टाकलं की वाय-फायवरून मोबाईलवर ऐका. आणि कॉपी ठेवाच. माझी डिस्क परीक्षेच्या आदल्या रात्री गेली. गाणी पुन्हा मिळाली. त्यातच असलेल्या आजीच्या ओव्या मात्र कुठेच नाहीत. तेव्हा दोस्तांनो, आजच कॉपी करा!