नकलून लिहिणं

गेल्या वर्षी लेकीकडे जपानला गेले होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे नारा शहरातल्या याकुशिजी मंदिरात २००० येन भरून सूत्र लिहायला बसले. जावई हसून म्हणाले, "आई, एक अक्षर वाचता येत नाही. मग हे पर्यटनच ना?"

प्रश्न झोंबला. ३४ वर्षं वर्गात सांगत आले, समजल्याशिवाय उतरवू नका. आणि शिक्षा मात्र '१०० वेळा लिहा' हीच!

लिहायचं 'प्रज्ञापारमिताहृदय' सूत्र. अडीचशेहून थोडी जास्त चिनी अक्षरं. आत जाताना तोंडात लवंग ठेवायची. खाली नमुना, वर पातळ कागद, हातात ब्रश. जरा घाई केली की रेघ वाकडी. दीड तास कुठे गेला कळलं नाही. शेवटचा शब्द लेकीने वाचून दाखवला, 'सोवाका'. अहो, म्हणजे आपलं 'स्वाहा'!

पैसे घेतात म्हणून नाक मुरडू नये. १९६८ पासून लोकांनी अशीच सूत्रं लिहून दिलेल्या दक्षिणेतून तिथलं मुख्य मंदिर १९७६ मध्ये पुन्हा उभं राहिलं. ते सगळे काय पंडित होते? पाहुण्याने जरूर बसावं. फक्त फोटोपुरती दहा मिनिटं असतील, तर बाहेरचे पॅगोडे बघावेत.

कागदाच्या शेवटी इच्छा लिहायला जागा असते. शुद्धलेखनासाठी एका मुलाला मी १०० वेळा लिहायला लावलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आलाच नाही. त्याचं नाव लिहिलं. देवनागरीत, सावकाश.