मुलाला घरी ठेवा म्हणता, पण खाडा कोण भरणार?

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडी, मालेगाव आणि भिवंडी ही नावे रोज एकत्र बातम्यांत येत होती. कारण होते गोवर. मुंबईबरोबर भिवंडीतही लहान मुलांचे जीव गेले. केंद्राची पथके आली, राज्य सरकारने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले, वस्त्यांत घरोघरी तपासणी झाली. पुढे साथ ओसरली आणि चर्चाही संपली. पण दर पावसाळ्यात, दर हिवाळ्यात वर्गातून साथ घरी येते आणि शाळा तोच निरोप देते : आजारी मुलाला पाठवू नका.

सल्ला योग्यच आहे. पण तो पाळायला काय लागते, हे कुणी विचारत नाही. भिवंडीत यंत्रमागावर मजुरी मीटरवर मिळते, गोदामात हजेरीवर. आई घरी राहिली तर खाडा पडतो. त्यात मुलाचा शाळेतला पोषण आहारही बुडतो. मग सकाळी तापाची गोळी देऊन मुलाला शाळेत धाडले जाते. याला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही. हा पोटाचा हिशेब आहे.

मजूरमंत्री म्हणून १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या कामगार आरोग्य विम्याच्या पायाभरणीचे काम पुढे नेले, त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. त्यानुसार विमा असलेला कामगार आजारी पडला तर वर्षातले ९१ दिवस मजुरीच्या सुमारे ७० टक्के रक्कम मिळते. पण ही रक्कम त्याच्या स्वतःच्या आजारपणासाठी आहे, मुलाच्या नाही. शिवाय दहापेक्षा कमी माणसांचे लहान कारखाने या कायद्याबाहेरच राहिले. म्हणजे मूल आजारी पडले की सगळा भार आईच्या मजुरीवर.

किती दिवस घरी?

म्हणूनच नेमके किती दिवस घरी ठेवायचे, हे माहीत हवे. एक दिवस कमी नको, एक दिवस जास्तही नको.

गोवर : पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत मूल संसर्ग पसरवते. लस न घेतलेल्यांमध्ये एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. पुरळ उठल्यावर किमान चार दिवस शाळा बंद. डॉक्टरांकडे न्यायलाच हवे, 'अ' जीवनसत्त्वाचे डोस मागून घ्यावेत.

कांजण्या : सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण पाच ते सात दिवस. मुलाला ॲस्पिरिन देऊ नये.

गालफुगी : गाल सुजल्यापासून पाच दिवस. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालफुगीची नाही, हेही लक्षात ठेवा.

डोळे येणे : २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर ही साथ होती. डोळ्यांतून पाणी, चिपडे येणे थांबेपर्यंत घरी. टॉवेल वेगळा.

ताप : गोळी न देता २४ तास ताप नसेल तरच शाळा. जुलाब-उलटी थांबून ४८ तास झाले पाहिजेत.

ताप नसलेली साधी सर्दी किंवा उवा यांसाठी शाळा बुडवायची गरज नाही. खरजेवर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावले की मूल दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊ शकते. श्वास धाप लागल्यासारखा चालणे, मूल सुस्त पडणे, पाणीही न पिणे, झटका येणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

दोष कुणाचा?

२०२२ मध्ये एका समाजावर बोट दाखवणे सोपे होते. पण कोरोनाच्या काळात लसीकरण जगभर मागे पडले होते. २०२१ मध्ये जगात सुमारे चार कोटी मुलांचा गोवराचा डोस चुकला. गोवर रोखायला ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. दाटीच्या वस्तीत, कुपोषणात आणि सतत घर बदलणाऱ्या मजुरांत हे अंतर आधी दिसते. गोवर जात-धर्म विचारत नाही, शेजारच्या गल्लीतले लस न घेतलेले मूल हे आपल्याही मुलाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.

आपल्या घरातही पाहू. "माता आली" म्हणून औषध टाळणे अजून संपलेले नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पुरळ हा कुणाचा कोप नसतो, तो विषाणू असतो.

विहारातून काय करता येईल?

रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास मुलांची लसीकरण कार्डे पाहा : पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. चुकला असेल तर आशाताईंना गाठून द्या. साथीत दोन-तीन घरांची पाळी लावा, म्हणजे एका आईचा खाडा सगळ्यांत वाटला जाईल. पाळीला गोवर होऊन गेलेली किंवा लस घेतलेली माणसेच ठेवा. शाळांकडे शंभर टक्के हजेरीची बक्षिसे बंद करण्याची मागणी करा, कारण त्या बक्षिसापायी मूल ताप लपवते. आणि महापालिका व आमदारांकडे लावून धरा : साथीत घरी ठेवलेल्या मुलाचा पोषण आहार घरपोच मिळावा, आईला मजुरीची भरपाई मिळावी.

स्वतःच्याच मळात पडलेल्या आजारी भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने आंघोळ घातली आणि संघाला सांगितले की, माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. करुणा म्हणजे नुसती हळहळ नव्हे. आमच्या वस्तीत तिचा अर्थ साधा आहे : मूल बरे होईपर्यंत घरी राहील आणि त्यामुळे चूल विझणार नाही.

जय भीम!