शिस्त मुलांची, जबाबदारी कोणाची?

जून २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी राज्यात पहिलीपासूनच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक स्वरूपाचे लष्करी प्रशिक्षण देण्याचा मनोदय जाहीर केला. देशप्रेम, व्यायामाची सवय आणि शिस्त हे त्यामागचे हेतू सांगण्यात आले. क्रीडाशिक्षक, राष्ट्रीय छात्र सेना आणि स्काऊट-गाईड यांच्या जोडीला सुमारे अडीच लाख माजी सैनिकांची मदत घेण्याचा विचारही बोलून दाखवण्यात आला. हेतूंविषयी वाद घालण्याचे कारण नाही. मात्र शिस्तीचा तुटवडा मुलांकडे आहे आणि साठा मोठ्यांकडे, हे गृहीतक या घोषणेच्या मुळाशी आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या कर्जत मार्गावरील ओळीने लागणाऱ्या तीन शहरांतील पालकांना ते सहजी पटण्यासारखे नाही.

कारण उघड आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोपी शाळेत कंत्राटी पद्धतीने, अवघ्या काही दिवसांपूर्वी कामाला लागलेला होता. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलिस ठाण्यात तासन्‌तास तिष्ठत राहावे लागले. २० ऑगस्ट रोजी संतप्त जमावाने बदलापूर स्थानकात रेल्वे रोखली ती संध्याकाळपर्यंत. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने घटना कळूनही पोलिसांना का कळवले नाही, असा रोकडा प्रश्न विचारला. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने ठार झाला. त्यानंतर चर्चा चकमकीच्या खरेखोटेपणाकडे वळली आणि शाळेतील मोठ्या माणसांच्या वर्तनाचा मूळ प्रश्न मागे पडला.

शासनाने काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्येच सीसीटीव्ही कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांविषयी आदेश निघाले. पुढे न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या शिफारशींवर आधारित शासन निर्णय मे २०२५ मध्ये जारी झाला. परंतु या उपायांचा भर मुख्यतः शाळेच्या इमारतीवर आणि मुलांच्या ने-आणीवर आहे. कॅमेरा भिंतीला लागतो, पेटी दाराशी टांगली जाते. स्काऊट-गाईडचे खरे काम मात्र भिंतीबाहेर चालते. तंबू, शेकोटी, पदभ्रमण, मुक्कामी शिबिर ही त्याची ओळख आहे. मलंगगडाच्या वाटेवर किंवा कोंडेश्वरच्या परिसरात निघालेल्या पथकावर कोणताही कॅमेरा रोखलेला नसतो. तिथे मुलांसोबत असतो तो स्काऊट मास्टर किंवा गाईड कॅप्टन. ती व्यक्ती कोण, तिला प्रशिक्षण किती आणि तिच्यावर लक्ष कोणाचे, यावरच सारे अवलंबून राहते.

या तीन शहरांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. बदलापूर आणि अंबरनाथ ही नोकरदारांची गावे. आई-वडील पहाटेची लोकल धरून मुंबईकडे जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. मुलांचा बहुतेक जागेपणीचा वेळ शिक्षक, शिकवणीचालक, रिक्षावाले आणि प्रशिक्षक अशा परक्या मोठ्या माणसांच्या ताब्यात जातो. उल्हासनगर तर मुळात लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर वसलेले शहर. १९४९ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले, तरी त्याचे भाग अजूनही कॅम्प एक ते पाच याच नावांनी ओळखले जातात. शिस्त, कवायत, छावणी हे शब्द या परिसराला नवे नाहीत. नवी आहे ती भीती, आणि ती मुलांच्या बेशिस्तीची नाही.

अशा वेळी स्काऊट चळवळीचा मूळ विचार पुन्हा पाहण्यासारखा आहे. १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर बेडन पॉवेल यांनी मूठभर मुलांना घेऊन शिबिर भरवले तेव्हा ते स्वतः नावाजलेले सेनाधिकारी होते. तरीही नुसत्या कवायतीविषयी त्यांचे मत फारसे अनुकूल नव्हते. कवायतीने मुलाचे स्वत्व झाकोळते, अशी त्यांची धारणा होती. सहा-आठ मुलांचा एक संघ, त्यातलाच एक संघनायक, आणि संघनायकांनी एकत्र बसून पथकाच्या कामाचा व कोणी नियम मोडला असल्यास त्याचाही निर्णय घ्यायचा, ही त्यांनी घातलेली घडी. स्काऊट मास्टरने हुकूम सोडणारा अधिकारी न होता थोरल्या भावासारखे वागावे, असे त्यांनी पथकप्रमुखांसाठीच्या आपल्या पुस्तकात सांगून ठेवले. शिस्त बाहेरून लादायची नाही, ती मुलांनी आपसांत घडवायची. मोठ्याने जवळ उभे राहायचे, पण मध्ये पडायचे नाही, असा हा विचार होता.

भारतात ही चळवळ १९०९ मध्ये आली. पुढे ॲनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी तिला देशी रूप दिले आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संघटनांच्या विलीनीकरणातून भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था उभी राहिली. शाळांमध्ये मात्र या विचाराचे काय झाले, हे कोणत्याही स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाला उपस्थित राहिले की दिसते. पाहुण्यांना मानवंदना, रस्त्याच्या दुतर्फा रांग, उन्हात तासभर सावधान! गळ्यातला स्कार्फ कायम राहिला, संघनायकांची सभा कागदावर गेली. खरी कमाईसारख्या उपक्रमात मुले हाताने काही बनवून विकतात, हिशेब ठेवतात, तेवढ्यापुरती त्यांना सत्ता मिळते. एरवी शिस्त म्हणजे शिट्टी.

याचा सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पथक चालवणारा शिक्षक हा आधीच निवडणूक, जनगणना, निरनिराळी सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांत पिचलेला असतो. स्काऊट विभागाचा कार्यभार त्याच्याकडे अनेकदा आवडीने न येता वाटणीला येतो. संस्थेची प्रशिक्षणाची शिडी चांगली आहे. प्राथमिक व प्रगत अभ्यासक्रम आणि त्यापुढे हिमालय वुड बॅज अशी तिची रचना असून पचमढी येथे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. पण शिडी असणे आणि शाळेने शिक्षकाला त्यासाठी सुटी देणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

मोठ्याने मध्ये पडायचे नाही याचा अर्थ त्याने निघून जायचे असा लावला की काय घडते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या आवारातील चित्रफीत राज्यभर पसरली. पावसाच्या पाण्यात ओणवे केलेले छात्र आणि त्यांच्यावर काठी चालवणारा त्यांचाच ज्येष्ठ सहकारी त्यात दिसत होता. राष्ट्रीय छात्र सेनेच्या प्रशिक्षणाच्या नावाखाली हे चालले होते आणि त्या वेळी शिक्षक जागेवर नव्हते, असे महाविद्यालयाकडून सांगण्यात आले. कारवाई झाली ती त्या ज्येष्ठ छात्रावर. वास्तविक त्यालाही शिस्तीचा हाच अर्थ कोणीतरी शिकवलेला असणार. मुलांच्या हाती सत्ता देणारी पद्धत आणि मुलांच्या हाती काठी देणारी पद्धत यांतला फरक जागेवर हजर असलेल्या एका समंजस प्रौढाइतका असतो.

हजर असणारा प्रौढ एकटा असावा काय, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर अमेरिकेने फार मोठी किंमत मोजून मिळवले. पथकप्रमुखांवरील लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांची गोपनीय टिपणे बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका ही संस्था अनेक दशके आपल्या कपाटात ठेवत आली. १९६५ ते १९८५ या काळातील हजाराहून अधिक व्यक्तींची टिपणे २०१२ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जगापुढे आली. फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला, ८२ हजारांवर दावे दाखल झाले आणि सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड २०२३ मध्ये अमलात आली. कोणत्याही उपक्रमात किमान दोन प्रौढ हवेत आणि प्रौढाने एकट्या मुलासोबत इतरांच्या नजरेआड राहू नये, हा नियम तिथे आज काटेकोरपणे पाळावा लागतो. तो माणसावरच्या अविश्वासातून आलेला आहे, असे काहींना वाटते. पण प्रामाणिक शिक्षकाला खोट्या आरोपापासून वाचवणारा साक्षीदारही हाच नियम देतो. जागतिक स्काऊट संघटनेचे ‘सेफ फ्रॉम हार्म’ हे धोरणही याच दिशेचे आहे.

आपल्याकडे कायदा अपुरा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली त्याला पंधरा वर्षे उलटून गेली. पोक्सो कायद्यानुसार अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने ती दडवल्यास त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदलापूर प्रकरणात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर याच तरतुदीखाली गुन्हा नोंदवला गेला. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत शाळेत उशिरा आल्याबद्दल उठाबशा काढाव्या लागलेल्या सहावीतील मुलीचा काही दिवसांत मृत्यू झाला आणि शिक्षिकेवर गुन्हा दाखल झाला. उठाबशा ही शिक्षा आहे, हेच अनेकांना मान्य नाही. तो व्यायाम आहे, असे सांगितले जाते. लष्करी प्रशिक्षण वर्गात आणायचे असेल, तर व्यायाम कुठे संपतो आणि शिक्षा कुठे सुरू होते, हे आधी लेखी ठरवावे लागेल. रंगरूट अठरा वर्षांचा असतो आणि स्वेच्छेने भरती होतो. पहिलीतले मूल सहा वर्षांचे असते व त्याला कोणी विचारलेले नसते.

माजी सैनिकांना शाळेत आणू नये, असा याचा अर्थ नव्हे. अंबरनाथसारख्या आयुध निर्माणीच्या गावात वक्तशीरपणे आयुष्य काढलेली निवृत्त माणसे थोडी नाहीत आणि पथकांना दुसऱ्या प्रौढाची गरज आहेच. निवृत्त कामगार, माजी सैनिक, घरी असलेली आई, महाविद्यालयात शिकणारा रोव्हर यांतून तो मिळू शकतो. अट एवढीच, की कंत्राटी सफाई कामगाराची जशी पडताळणी व्हावी तशीच त्यांचीही व्हावी. मुलांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण मिळाल्याखेरीज त्यांच्या हाती शिट्टी देऊ नये. आणि पथकप्रमुखाविरुद्धची तक्रार पथकप्रमुखाकडेच करण्याची वेळ मुलावर येऊ नये.

यातले काही शासन निर्णयाची वाट न पाहता करता येण्याजोगे आहे. शिबिराला निघण्यापूर्वी पालकांकडून परवानगीपत्र भरून घेतले जाते. मुलाचे नाव, इयत्ता, रक्तगट, पालकांचा भ्रमणध्वनी आणि सही अशा जागा त्यावर सहसा असतात. सोबत जाणाऱ्या प्रौढांची नावे, त्यांचे प्रशिक्षण, रात्री मुलांच्या आणि मुलींच्या तंबूंजवळ कोण थांबणार, आणि तक्रार करायची झाल्यास शाळेबाहेर कोणाला दूरध्वनी करायचा, या चार ओळी त्याच कागदावर छापायला फार खर्च येत नाही.